विहिरीतली काळी वाळू

आमच्या बांका बेटावर खड्डा कशासाठीही खणा, आधी मूठभर माती करवंटीत धुऊन बघायची, कथील लागतं का ते. मग तो संडासाचा असो नाहीतर कबरीचा. खाणीची कंपनी गेली, कथील उपसणारा ड्रेजर धक्क्यापाशी गंजून कलंडला, पण सवय तेवढी राहिली.

मला विहीर हवी होती. माझी बायको रुकैया वर्षभर अंथरुणावर होती. पाठीला जखमा झालेल्या. खाणीच्या जुन्या तळ्यातलं पाणी लावलं की ती उशीचं टोक दातात धरायची. आमचा तालुका एवढासा, की कचेरी, दवाखाना, सगळं कंपनीच्या साहेबाच्या एका बंगल्यात मावतं. तिथे गेलो तर कारकून म्हणाला, "काका, नळयोजना मंजूर आहे. पाणी तेवढं नाही."

मग पुतण्या हेरवान आणि त्याचा एक दोस्त मिरीच्या वेलांमागे खणायला लागले. तिथे कधीच कुणी खाण काढली नव्हती. बरंच खाली गेल्यावर ओल लागली, मग झरा फुटला. हेरवान आतूनच ओरडला, "काका, काकूला सांगा, उद्या अंघोळ!"

मी धावत जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "माती आणा."

"आता कशाला?"

"आणा म्हणते ना. आणि करवंटी."

तिची सगळी उमर ओढ्यात उभं राहून कथील धुण्यात गेली होती. मी तिला टेकवून बसवलं. हात थरथरत होते, पण करवंटी फिरायला लागली तशी थरथर थांबली. गाळ काठावरून निघून गेला. तळाशी काळी वाळू उरली, नखाएवढी.

"अहो, जड आहे! बघा तरी!" कित्येक महिन्यांनी तिचा आवाज घराबाहेर गेला. "हेरवान! अरे, तुझ्या पायाखाली कथील आहे!"

संध्याकाळी हेरवान कथील काढायला पंप घेऊन आला.

मी विहिरीच्या तोंडाशी उभा राहिलो. "अरे, आधी तिच्यासाठी चार घागरी तरी काढू दे."

"काका, पाणी गाडीवरून विकत येतं. कथील येतं का?" हेरवान हसला. "आणि शोधलं कुणी? काकूनंच ना?"

झऱ्याचं पाणी पंपानं ओढलं आणि कथलाची माती सुटावी म्हणून विहिरीच्याच भिंतींवर मारलं. भिंती विरघळल्या. मिरीचे वेल खांबांसकट आत गेले. शेजारणीच्या विहिरीचं पाणीही पिवळं झालं. ती मला ऐकवत म्हणाली, "बरं झालं, नुसता मासा टाकला की कालवण तयार."

रुकैया पंपाच्या इंजिनाचा आवाज ऐकत पडून असायची. "निघतंय का?" रोज विचारायची. मी म्हणायचो, "निघतंय."

कथलाचा थर पातळ निघाला. एका सकाळी इंजिन वाजलंच नाही. हेरवाननं पंप उचलला आणि दुसऱ्या गावी गेला. मागे घराच्या पायरीपर्यंत आलेला खड्डा उरला.

त्यातलंच पाणी मी रात्रभर निवळत ठेवलं, फडक्यातून गाळलं आणि तिच्याजवळ नेलं. तिनं आधी बोटं बुडवली. अंगठ्यानं हळूहळू चोळत राहिली, कण लागतो का बघत.

"यात काही नाही हो," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. पाठ माझ्याकडे केली. मी फडकं बुडवलं.