शेपटीचं क्रियापद

मी कुत्री बोलतेय. शब्द ऐकून नाक मुरडू नका. मी जन्मानं कुत्री आहे, कुणाच्या तोंडची शिवी नव्हे. वयानं म्हातारी, एका डोळ्यानं अधू आणि लॅटिन शिकलेली. शिकवलं कुणी नाही. टेबलाखाली बसून शिकले, म्हणून जरा जास्तच येतं.

पिठाच्या गोदामामागे माझा जन्म झाला. तिथून मला उचललं ते धाकटीनं, म्हणजे आमच्या बाईंच्या बहिणीनं. शालीत गुंडाळून आणलं आणि थेट बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"ताई, तुझं शेवटपर्यंत ऐकून घेणारं या घरात कुणी नाही. ही घेईल."

मी उत्तरादाखल बाईंची मांडी ओली केली. तिथपासून आमचं जमलं.

बाई संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅटिन शिकवतात. हौसेनं मोठी माणसं येतात: पावाच्या भट्टीचे मालक, दातांचे डॉक्टर, कपडे शिवणारी एक तरुण आई. बाईंची रीत निराळी. क्रियापद घोकायचं नाही. घरी न्यायचं, माणसांवर वापरायचं आणि काय पदरात पडलं ते येऊन सांगायचं. शिवाय बाईंची जीभ म्हणजे कानस. चांगलं म्हणायची वेळ आली की त्यांचा घसा बसतो.

त्या जिभेनंच घात केला. काही वर्षांपूर्वी बाईंनी एका जुन्या लॅटिन काव्याचं स्वतः केलेलं भाषांतर सभागृहात वाचलं. वाचन पडलं, हे बाईंनाही कळलं होतं. घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तुझ्यासारखं कुणी वाचत नाही गं."

बाई आधीच धुमसत होत्या. विद्यार्थ्यांदेखत म्हणाल्या, "पुरे. अदुलारी करू नकोस."

धाकटीनं अर्थ विचारला. बाईंनी सांगितला. धाकटीनं चपला घातल्या आणि निघून गेली, ती आलीच नाही. माझ्या कानामागे नेमकं कुठे खाजतं हे एकट्या तिला ठाऊक होतं. बाईंनी मला पोटभर घातलं, पण कान उपाशी राहिला.

यंदा धडा निघाला तो नेमका खुशामतीचा.

"आपण सगळ्याला एकच 'खुशामत' म्हणून मोकळे होतो," बाई म्हणाल्या. "रोमन लोक तसे आळशी नव्हते. अस्सेन्तारी म्हणजे हांजी हांजी. समोरच्यानं दिवसाला रात्र म्हटलं की आपण कंदील शोधायचा. पाल्पारी म्हणजे गोंजारणं, बुजलेल्या घोड्याला तळव्यानं थोपटतात तसं. ब्लान्दिरी ही लाडीगोडी. लेकरं करतात, प्रेमाची माणसं करतात. त्यात लबाडी असतेच असं नाही. आणि अदुलारी म्हणजे कुत्र्यासारखी शेपटी हलवत पायाशी लोळणं."

मी टेबलाखालून गुरगुरले. बाईंनी पायानं मला गप्प केलं.

पुढच्या खेपेला सगळे आपापली क्रियापदं वापरून आले.

"मी अस्सेन्तारी सासूबाईंवर वापरलं," भट्टीवाले म्हणाले. "दिवसभर 'बरोबर आहे तुमचं' म्हणत होतो. संध्याकाळी त्यांनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, याला ताप आहे का?"

"मी पेशंटचा खांदा थोपटला," डॉक्टर म्हणाले. "तो म्हणाला, किती दात काढणार ते आधी सांगा."

शिवणवाली हसत होती. "माझ्यावरच वापरलं गेलं. लेक म्हणाली, आई, तुझा हात किती मऊ आहे. अहो, सुया टोचून टोचून त्याची चाळण झालीय. तिला गोष्ट हवी होती, मला कळत होतं. पण बाई, तिला तो खरंच मऊ लागत असेल, तर त्याला खोटं कसं म्हणायचं?"

बाई स्वच्छ चष्मा पुन्हा पुसत बसल्या.

"अदुलारी कोण नेणार?" भट्टीवाल्यांनी विचारलं. "शेपटी लागते त्याला."

"ते मीच नेते," बाई म्हणाल्या. "मी ते एकदा भलत्या माणसाला चिकटवलंय. सोडवून आणते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी धाकटीच्या घरी निघालो. बाई वाटभर गोड वाक्यं पुटपुटत होत्या. आयुष्यात त्यांचं पाठांतर कधी चुकलं नव्हतं. धाकटीनं दार उघडलं, हाताला साबणाचा फेस, आणि बाईंच्या तोंडून निघालं, "जाडी झालीस."

"हे सांगायला आलीस?" धाकटीचा हात दाराच्या कडीवर गेला.

आता दार लागलं तर ते कायमचं, हे मला कुठल्याही भाषेत कळलं असतं. पण मी काही ठरवून केलं नाही. तिचा वास आला आणि माझी शेपटी सुटली, तिच्यामागोमाग सांधे धरलेलं सगळं मागचं अंग. कोपऱ्यातली छत्री आडवी झाली. धाकटी मटकन खाली बसली. "अगं म्हातारे, ओळखलंस मला?" आणि बोटं बरोबर त्या जागी गेली, डाव्या कानामागे.

बाई वरून बघत होत्या. म्हणाल्या, "हिचं पोट भरलेलं आहे. येताना खाऊन आलीय. तुझ्याकडून हिला काही नकोय." मग घसा बसलेल्या आवाजात, "त्या दिवशी तुलाही माझ्याकडून काही नको होतं. मी शब्द चुकीचा वापरला."

धाकटीनं मान वर केली नाही. माझा कान खाजवत म्हणाली, "खरं सांगू, ताई? तुझं वाचन चालू असताना मला झोप लागली होती. लहानपणी तू वाचायचीस आणि मी झोपायची, तशी. म्हणून म्हटलं, तुझ्यासारखं कुणी वाचत नाही."

बाई हसल्या. अशा हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली, आणि शेजारीण जिन्यात डोकावून गेली.

आता धाकटी दर वर्गाला येते आणि मधेच डुलक्या घेते. बाई तिला उठवत नाहीत, उलट आवाज थोडा उतरवतात. टेबलाखाली मी दोघींच्या पायांच्या मधे पडून असते. दात गेले, पण शेपटी शाबूत आहे.

तेव्हा माणसांनो, एवढं ऐका. कुणी तुमच्यासमोर शेपटी हलवली की लगेच लोचट म्हणू नका. आधी त्याचं पोट भरलंय का ते बघा. भरलेलं असूनही हलत असेल, तर दार उघडं ठेवा.

आणि डावा कान जरा खाजवा. तुमचा हात फार मऊ दिसतोय.