लिटल थ्रॅप्ले, माणसं एकोणचाळीस

शी! मला अक्षरशः किळस आली. राहायचं अबू धाबीत, मूळ गाव करंजखोल, आणि इथल्या ब्रिटिश शाळेत सहावीला असलेली माझी मुलगी मिहिका प्रोजेक्टसाठी काय लिहितेय? तर इंग्लंडातल्या लिटल थ्रॅप्ले नावाच्या पॅरिशचा इतिहास-भूगोल! पॅरिश म्हणे. एका चर्चभोवतीचं खेडं. माणसं एकोणचाळीस. उत्तरेकडून येणारा ओढा, दगडी पूल, आठशे वर्षांचं चर्च, बाकी सगळ्या मेंढ्या.

"एकोणचाळीस माणसं तर सकाळी आपल्या लिफ्टपाशी उभी असतात!" मी ओरडलो.

"बाबा, इट्स जस्ट अ प्रोजेक्ट."

"खलास! मिसना सांग, मी माझ्या गावावर लिहिणार."

"म्हणजे बापच लिहिणार," लतिका, माझी बायको, आतून म्हणाली.

मिस लगेच हो म्हणाल्या आणि माझी पंचाईत झाली. त्यांचे प्रश्न छापील होते. ओढा कुठून येतो? देऊळ किती जुनं? हद्द कुठे संपते? मिहिका लॅपटॉप उघडून माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी वाढलो पुण्यात. करंजखोलला जत्रेपुरता गेलो असेन चारदा. माझे वडील निवृत्तीनंतर तिथेच एकटे राहतात, त्यांना विचारायचं ना? पण दर रविवारी फोनवर आमचं एकच. जेवलात का, गोळी घेतलीत का, ठेवू? आता या वयात त्यांना ओढा विचारू? लाज वाटली. मग दिलं ठोकून. ओढा उत्तरेकडून येतो. दगडी पूल. आठशे वर्षांचं देऊळ. मेंढ्यांच्या जागी शेळ्या.

सोमवारी प्रोजेक्ट द्यायचं होतं. रविवारी व्हिडिओ कॉलवर मिहिकाने आजोबांना ते वाचून दाखवलं. वडील निवृत्त मास्तर, इंग्लिश उत्तम. कानामागे हात धरून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"झकास लिहिलंस गं," ते म्हणाले. "नीटस गाव आहे. इंग्लंडातलं ना?"

मिहिकाने माझ्याकडे पाहिलं. "नो आजोबा. इट्स युवर्स."

वडिलांनी कानामागचा हात खाली घेतला. त्या दिवशी शाळेच्या नावाने बोटं मोडणाऱ्या मला आता माझीच शिसारी आली.

"बाबा, तो ओढा नक्की..." मी वडिलांना विचारू लागलो.

"राहू दे रे," वडील म्हणाले. "जेवलास का?"