अडतीस विती

"माझं रीळ तुझ्या खणात कसं गं?"

थोरलीने लाल दोऱ्याचं रीळ टेबलावर आपटलं. धाकटी जाऊ इस्त्रीचा स्क्रू पिळत होती, ती थांबली. काउंटरवरून मामंजींनी मान वळवली.

"चुकून आलं असेल, ताई."

"चुकून? रीळ काय पायांनी चालत आलं?"

आता या लाल दोऱ्याचं प्रकरण सांगायलाच हवं. विजेच्या इस्त्र्या-शेगड्या दुरुस्त करायचं दुकान सासऱ्यांचं, पण नाव होतं थोरलीच्या हाताचं. बावीस वर्षं ती कॉइली गुंडाळत होती. हजार वॅटच्या इस्त्रीला अडतीस विती तार, एक कमी नाही की एक जास्त नाही. टेपला तिने कधी हात लावला नाही. कॉइल झाली की टोकाला लाल दोऱ्याची गाठ मारायची. लोक येऊन सांगत, "लाल दोऱ्याचीच द्या."

मग दीड वर्षापूर्वी धाकटी या घरात आली ती डिप्लोमा आणि मीटर घेऊन. "व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, दोन्ही गुणले की वॅट," असं ती गिऱ्हाइकाला समजावायची, आणि मामंजी असे बघत राहायचे की जणू घरात सून नाही, मोठी साहेबीण आलीय. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बावीस वर्षांत तिला मामंजींच्या तोंडून "बरं झालंय" यापलीकडे काही मिळालं नव्हतं. भागाकार काय, आम्हीही केलाय शाळेत, असं मनाशी म्हणत तिने खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर चोरून ती गणितं घोटवली होती. आणि आता तर सोमवारपासून खिडकीजवळची उजेडाची खुर्ची धाकटीला द्यायचं घाटत होतं. ती खुर्ची गेली की आपलं इथे काय उरलं, या विचाराने तिला तीन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

तिने धाकटीचा खण पूर्ण ओढला. आत चार कॉइली होत्या, चारहींना लाल गाठ.

"मामंजी, बघा. स्वतःच्या कॉइलीला माझा दोरा बांधते ही. माझ्या नावावर स्वतःचा माल खपवते."

"काय गं, खरं का हे?" मामंजींनी विचारलं.

धाकटी खण लोटायला पुढे झाली. ते पाहून थोरलीला आणखी चेव आला. सकाळीच गुंडाळलेली स्वतःची कॉइल तिने पुढे केली. "लाव मीटर. तुझ्या आकड्यांनीच होऊन जाऊ दे."

"राहू द्या ना, ताई."

"लाव म्हटलं ना."

धाकटीने कॉइल चिनी मातीच्या पाटीवर बसवली, बटण दाबलं. तार लाल व्हायला लागली. दोनशे तीस व्होल्ट. पाच अँपिअर. थोरलीने पुठ्ठा ओढून स्वतःच भागाकार केला. सेहेचाळीस. मग गुणाकार केला, अकराशे पन्नास आले. तिने पुन्हा करून पाहिला. खणातली कॉइल लावली तेव्हा अँपिअर चारच्या थोडे वर गेले, रोध त्रेपन्नाच्या आसपास आला आणि वॅट बरोबर हजार.

"काय आलं?" मामंजींनी चष्मा शोधत विचारलं.

"मीटरच बिघडलंय, मामंजी," धाकटी घाईने म्हणाली. "ताईंचंच बरोबर असणार."

थोरलीला वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ही दया तिला सोसेना. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, खुर्चीही राहिली असती. तिने भिंतीवरची मोजपट्टी काढली आणि तिच्यावर हात ताणला. अंगठा पूर्वीसारखा मागे जाईना. दोन वर्षं सकाळी दुखायचा, तिने तेल चोळून सोडून दिलं होतं. एकवीस सेंटिमीटरची वीत अठरावर आली होती.

"मीटर ठीक आहे," ती म्हणाली. "माझी तार कमी पडते. कमी तार, कमी रोध. म्हणून जास्त वीज ओढते आणि लवकर जळते."

मामंजी चष्मा शोधायचे थांबले.

"केव्हापासून माझ्या कॉइली बदलतेस?" तिने धाकटीला हळू आवाजात विचारलं.

"आले तेव्हापासून. तुमच्या काढून तीच तार दुसरीकडे वापरते, आणि नवीन बांधून ठेवते."

"किती झाल्या?"

"मोजल्या नाहीत, ताई."

दिवसभर मोजत बसणारी बाई, आणि म्हणे मोजल्या नाहीत. थोरलीला तिचा असा काही राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात लाँड्रीवाला आत आला. "वहिनी, दोन कॉइली द्या. तुमच्याच हं. मधे जळायच्या, पण गेलं वर्षभर एक गेली नाही. हात बसलाय तुमचा."

थोरलीने पदराने नाक पुसलं आणि खणातल्या दोन कॉइली उचलल्या. "या माझ्या नाहीत. धाकटीच्या आहेत. वर्षभर तिच्याच होत्या."

लाँड्रीवाल्याने लाल गाठींकडे पाहिलं आणि तो हसला. "काय वहिनी, थट्टा करता गरिबाची." पैसे ठेवून तो निघूनही गेला.

आपल्याच नावाचा असा हेवा वाटायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती उठली, खिडकीजवळच्या खुर्चीवरची आपली उशी काढली आणि आतल्या स्टुलावर जाऊन बसली.

"बस तिथे," ती म्हणाली. "सोमवारची वाट कशाला बघायची."

धाकटी उभीच राहिली. थोरलीने सकाळची कॉइल मांडीवर घेतली आणि एकेक वेढा उलगडून तार सरळ करायला लागली. अंगठा दुखत होता. तिने तो दुखू दिला.