दर गुरुवारची गर्दी

कंपनीत तिला सगळे तक्रारताई म्हणायचे. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर बनवणारी ती कंपनी, आणि तिथे तक्रारींच्या फोनवर ती वर्षानुवर्षं बसली. लोकांना मशीनमधलं काही कळत नसतं, पण आवाज मात्र बरोबर सांगता येतो. कुणी म्हणायचं, नुसतं घरघरतंय. कुणी म्हणायचं, आधी टकटक करतं आणि मग रुसल्यासारखं गप्प बसतं. कुणी सरळ फोनच मशीनला लावून धरायचं. ती ऐकायची, दोन प्रश्न विचारायची आणि सांगायची, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, नाहीतर खिशात राहिलेलं नाणं आत अडकलंय ते काढा. पुढे कंपनीने तो विभागच बंद केला आणि फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज बसवला. निरोपाच्या दिवशी साहेबांनी तिला फुलं दिली आणि कंपनीचाच एक मिक्सर दिला. तो पहिल्याच दिवशी खडखडला.

घरी बसून तिचं डोकं फिरायला लागलं, तेव्हा धाकट्या भावाने तिला वेबसाइट काढून दिली. नाव ठेवलं 'घरघर'. आवाजावरून दोष शोधायचा: कुरकुर, भुणभुण, खरखर, धडधड, प्रत्येकाचं वेगळं पान. बाजूला जाहिराती. भावाने ते गणितही समजावून सांगितलं. जाहिराती पुरवणारी कंपनी पानावर जाहिरात लावते, वाचणाऱ्याला हवीशी वाटली तर तो तिच्यावर बोट ठेवतो, आणि त्या कमाईतला थोडा हिस्सा पानाच्या मालकिणीला मिळतो. अट एकच होती. आपण स्वतः बोट ठेवायचं नाही आणि दुसऱ्यालाही ठेवायला सांगायचं नाही. तसं आढळलं तर खातं बंद.

पहिले काही महिने तिच्या मावशीशिवाय तिकडे कुणी फिरकलं नाही. मग हळूहळू अनोळखी माणसं येऊ लागली. पहिली कमाई हातात आली तेव्हा तिने पाठ टेकता येईल अशी चांगली खुर्ची घेतली आणि तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही, नवऱ्यालाही नाही.

नवरा विमा कंपनीत होता. लोकांचे दावे खरे की खोटे हे तपासायचं त्याचं काम. घरीही तो कुणाचंच पटकन खरं मानायचा नाही. त्यामुळे या घरात संशय घेणारा तो आणि ऐकून घेणारी ती, अशी वाटणी लग्नापासून झालेली होती. ती त्या वर्षी उलटी झाली.

झालं असं, की 'घरघर'वर दर गुरुवारी संध्याकाळी अचानक गर्दी व्हायला लागली. एरवी दिवसभरात माणसं तुरळक यायची. गुरुवारी मात्र पाच-दहा मिनिटांत झुंबड. सगळी याच शहरातली, सगळी फोनवरून, आणि सगळी एकाच पानावर: मेकॅनिक आला की गप्प बसणारा फ्रिज. शिवाय येणारा प्रत्येकजण जाहिरातीवर बोट ठेवून लगेच निघून जात होता. सुरुवातीला तिला आनंद झाला. मग ती विचार करायला लागली. इतक्या माणसांचे फ्रिज दर गुरुवारी एकाच वेळी गप्प कसे बसतील? पुढच्या आठवड्यात जाहिरात कंपनीचा इशारा आला, की तुमच्या पानावरच्या जाहिराती मुद्दाम दाबल्या जात आहेत असं दिसतं, हे थांबलं नाही तर खातं बंद करू.

तिचा पहिला संशय गेला भावावर. वेबसाइट सुरू झाली तेव्हा तोच गमतीत म्हणाला होता, की मित्रांना सांगून बोटं ठेवायला लावतो, ताई, बघ कशी मालामाल होशील. तिने फोन करून त्याला विचारलं. विचारलं कसलं, उलटतपासणीच घेतली: गुरुवारी तू कुठे असतोस, तुझ्याबरोबर कोण असतं. तो आधी हसला. शेवटी म्हणाला, "ताई, मी तुझ्यासाठी रात्री जागून ते बांधलं. आता मीच ते पाडीन का?" आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो आला नाही. त्याची बायको फोनवर गोड बोलायची, पण त्याला दे म्हटलं की तो नेमका आंघोळीला गेलेला असायचा.

दरम्यान तिला घरात वेगळंच काही ऐकू यायला लागलं. नवऱ्याची गुरुवारी मीटिंग असायची. आधी कधी नसायची. बाथरूममध्ये तो नळ सोडून बोलत बसायचा. पाण्याच्या आवाजाखालून शब्द कळायचे नाहीत, पण चाल कळायची: दोन वाक्यं, मग थांबणं, मग पुन्हा एक वाक्य, जणू पलीकडून कुणीतरी उत्तर देतंय. जन्म फोनवर काढलेल्या बाईला समोर माणूस असल्याचं थांबणं ओळखू येतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो तिच्याशी चांगला वागायला लागला होता. जेवताना विचारायचा, आज काय झालं, कुणी काय लिहिलं, मग तू काय म्हणालीस. ती बोलली की घास हातात धरून ऐकायचा. एवढ्या वर्षांत त्याने तिचं बोलणं असं ऐकलं नव्हतं. अपराधी माणूस असाच वागतो, असं तिच्या मनाने घेतलं. बाहेर कुणीतरी आहे, आणि ती जी कोण आहे ती दर गुरुवारी आपल्या मैत्रिणींना गोळा करून 'बघा, ही याची बायको' म्हणून 'घरघर' दाखवते. विचार वेडपट होता हे तिला कळत होतं. पण तो एकदा डोक्यात शिरला आणि गुरुवार आणि फ्रिज यांची सांगड बसली, मग हलेना.

पुढच्या गुरुवारी तिने त्याला मुद्दाम फोन केला. तो दबक्या आवाजात म्हणाला, मीटिंग चालू आहे. त्याच्यामागे बऱ्याच माणसांची कुजबुज होती, ग्लास ठेवल्याचा आवाज होता, आणि मग एक लांब, कान फाडणारी शिट्टी आली. माइक स्पीकरजवळ गेला की येते तशी. विमा कंपनीच्या मीटिंगला माइक कशाला लागतो, असं तिने विचारलं नाही. आठवडाभर ती हसून वागली.

त्यानंतरच्या गुरुवारी ती त्याच्या ऑफिससमोरच्या चपलांच्या दुकानात जाऊन बसली आणि एकही जोडी न घेता विक्रेत्याला कपाटं उपसायला लावली. नवरा बाहेर आला. टाय खिशात कोंबला, केस हाताने विस्कटले. एरवी हा माणूस झोपतानाही भांग पाडायचा. ती अंतर ठेवून मागे चालत राहिली. तो एका बिलियर्ड्सच्या क्लबशेजारच्या जिन्याने तळघरात उतरला. खाली दारात एक मुलगी तिकिटं देत होती. मुलीने विचारलं, फक्त बघायचंय की नाव द्यायचंय? कशाला नाव, असं विचारल्यावर मुलीने सांगितलं, की आज ओपन माइक आहे. नवीन माणसं येऊन विनोद सांगतात, ज्याला हवं त्याने नाव द्यायचं, प्रत्येकाला पाच मिनिटं.

ती शेवटच्या रांगेत खांबाआड बसली. आधी एक दंतवैद्य येऊन गेला, त्याला कुणी हसलं नाही, मग एका विद्यार्थ्याने आपल्या दाढीबद्दल बरंच काही सांगितलं. मग सूत्रसंचालक म्हणाला, आता आपला विमावाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे ते त्याला ओळखत होते.

नवरा दिव्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या बायकोला मशीनचे आवाज कळतात. मी घोरतो, तर ती मला उठवत नाही. म्हणते, बेअरिंग गेलंय, पण गॅरंटी संपलीय, आता असंच वापरायचं." तळघर हसलं. ती हसली नाही. हे वाक्य तिचं होतं, जसंच्या तसं. मग तो म्हणाला, "फ्रिजचं कसं असतं, मेकॅनिक आला की एकदम गप्प. माझ्या बहिणी आल्या की मी असतो तसा." हेही तिचंच, मागच्या महिन्यातल्या एका जेवणातलं. एकामागून एक तिची वाक्यं त्याच्या तोंडून बाहेर पडत होती आणि माणसं मांड्यांवर हात मारत होती. दुसरी बाई नव्हती याचं तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, अगदी क्षणभर. मग ते घास हातात धरून ऐकणं आठवलं, आणि तो कशासाठी ऐकत होता ते कळलं, तेव्हा दुसरी बाई परवडली असती असं वाटलं.

शेवटी नवऱ्याने सगळ्यांना फोन काढायला सांगितले. म्हणाला, खोटं वाटतं ना, उघडा 'घरघर', फ्रिजचं पान बघा. आणि बाजूला जाहिरात दिसेल, तिच्यावर एकेकदा बोट ठेवा, तेवढंच माझ्या घरात आठवडाभर हसतं वातावरण. अंधारात एकेक करून फोन उजळले. तिच्या शेजारच्या बाईनेही उघडला आणि तिला दाखवला, की बघा, खरंच आहे.

तिने त्याला जिन्यात गाठलं. तिला बघून त्याने सगळ्यात आधी केस नीट केले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

तो म्हणाला, सहा महिने होत आले. आधी स्वतःचं करून बघितलं, कुणी हसेना. मग एकदा तिचं एक वाक्य सांगितलं. पुढे सुटलंच नाही. सांगायची लाज वाटत होती, म्हणून नळ सोडून सराव करायचा. जाहिरातीचं मात्र त्याने अगदी मनापासून सांगितलं: तुला मदत होईल असं वाटलं. आलेल्या इशाऱ्याबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं, कारण घरी आल्यावर तो प्रश्न विचारायचा ते फक्त हसण्यासारख्या गोष्टींबद्दल.

"मला वाटत होतं, तुला माझ्याशी बोलावंसं वाटतंय," ती म्हणाली.

 खाली तळघरात पुढच्या माणसासाठी टाळ्या वाजत होत्या.

ती घरी पोचायच्या आत जाहिरात कंपनीने खातं गोठवलं होतं. तिने कंपनीला सगळं खरं लिहून कळवलं, नवऱ्यासकट. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती भावाच्या घरी गेली. आज तो आंघोळीला गेला नव्हता. तिने दारातच सांगितलं, की तुझ्यावर घेतलेला संशय चुकीचा होता, चोर माझ्याच घरात निघाला. भावाने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "भावोजी? स्टेजवर?" आणि त्याला हसू आवरेना. हसता हसता तो उठला आणि तिला म्हणाला, जेवूनच जा.

नवऱ्याशी ती दोन आठवडे कामापुरतंच बोलली. तो काही विचारायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. तिसऱ्या गुरुवारी तिने तळघरात जाऊन तिकीटवाल्या मुलीकडे नाव दिलं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, पण तो मागोमाग आला आणि दारापाशी उभा राहिला.

दिव्याखाली गेल्यावर तिला समोरचं काही दिसेना. फोनवर माणसं दिसायची नाहीत, तरी ती तिथे असल्याचं कळायचं. इथे नुसता काळोख होता. तिने घोरण्याचं सांगितलं. कुणी हसलं नाही. फ्रिजचं सांगितलं. पुढच्या रांगेतून एकजण शांतपणे म्हणाला, "बाई, हे विमावाल्याचं आहे. चोरू नका."

तळघरात कुजबुज झाली.  तिच्याच ताटातला घास खाऊन हे लोक तिला चोर ठरवत होते.

"विमावाला माझा नवरा आहे," ती म्हणाली, "आणि हे सगळं मी त्याला जेवताना सांगितलंय."

लोक हसले. ती म्हणाली, हे खरं आहे. ते आणखी हसले. तेवढ्यात दारातून नवऱ्याचा आवाज आला, "खरं आहे. सगळं तिचंच आहे." माना मागे वळल्या, त्याला बघून ओरडा झाला, सगळ्यांना वाटलं दोघांनी बसवून आणलंय. हशा थांबेना. तो थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग माइकमध्ये जवळजवळ स्वतःशीच म्हणाली, "आयुष्यभर लोकांचे दावे नाकारले याने. हा पहिला मंजूर केलाय."

यावर झालेला हशा तिला पायांतून जाणवला. बाकीची मिनिटं तशी वाईटच गेली. मधेच ती विसरली, एकदा माइकची शिट्टी वाजली, आणि वेळ संपल्याचा दिवा लुकलुकला तरी ती उतरली नाही.

जाहिरात कंपनीचं उत्तर बरंच उशिरा आलं, दोन ओळींचं. खातं पुन्हा सुरू झालं. गुरुवारची गर्दी गेली आणि ज्यांच्या मशीनचं खरंच काही बिघडलंय अशी माणसं पुन्हा तुरळक येऊ लागली. तिने नवऱ्याला एकच सांगितलं, की घरातलं एकही वाक्य मला विचारल्याशिवाय बाहेर जायचं नाही. त्याने ते मान्य केलं. तिचा विश्वास बसला का? पूर्ण नाही. तो कधी जेवताना हसला, की ती अजूनही थांबून त्याच्याकडे बघते.

पुढे त्याने ऑफिसातल्या गोष्टी बांधून आणल्या आणि पुन्हा नाव दिलं. ती पहिल्या रांगेत बसली होती. कुणी हसलं नाही, तीही नाही. फक्त शेवटी त्याने एका माणसाचं सांगितलं, जो चोरीला गेलेल्या सायकलचा दावा करायला त्याच सायकलवरून आला होता, तेव्हा मागे दोघं-तिघं खुसखुसले.

बाहेर पडल्यावर त्याने विचारलं, कसं झालं.

"सायकलवाल्यापासून सुरू कर," ती म्हणाली. "आधीचं काढून टाक."

"सगळं?"

"सगळं."

थांब्यापर्यंत तो फुगून गप्प चालला. लांबून बस दिसली, तेव्हा त्याने विचारलं, सायकलचा रंग सांगावा का.