फेरतमामा

भाईफोंट्याच्या, म्हणजे बंगाली भाऊबीजेच्या, सकाळी सुविमल गुहा लुच्या, मैद्याच्या पुऱ्या, तळत होते. एकही फुगत नव्हती. बायको, जूथिका, बैशाखात गेली. तिचा धाकटा भाऊ पल्टू दरवर्षी या दिवशी नैहाटीहून यायचा, दिदीच्या करंगळीने चंदनाचा टिळा लावून घ्यायचा आणि जेवून जायचा. यंदा टिळा लावणारीच नव्हती, म्हणजे तो काही येत नाही, असं सुविमलबाबूंनी धरलं होतं. पण काल त्याचा फोन आला. "जामाईबाबू, मी येतोय. जेवायचं काही करू नका." म्हणजे करायलाच हवं होतं.

तेवढ्यात तिस्ताचा फोन आला. सुविमलबाबू निवृत्त झाल्यापासून जाहिरात कंपनीत ती त्यांच्या खुर्चीवर बसत होती.

"सुविमलदा, संध्याकाळपर्यंत हो म्हणा हं. गॅसच्या नळीवाले मागे लागलेत. प्रत्येक बसथांब्यावर फेरतमामा! आणि खाली फक्त एक ओळ, 'मामा, आता खुशाल जा!'"

"विचार करतो."

"त्यात विचार काय करायचा? तुम्हीच शिकवलंत आम्हाला, विचार गिऱ्हाइकाने करायचा."

ते कसनुसं हसले. त्या कंपनीत ते अक्षरं रंगवायला म्हणून लागले होते. मग केसांच्या तेलाच्या ओळी लिहिल्या, चहाची गाणी रचली, टायर विकले, आणि शेवटी कलकत्त्याची सगळी शाखा सांभाळली. संध्याकाळी गल्लीतल्या मंडळींची नाटकं बसवायची, रात्री पुस्तकांची मुखपृष्ठं काढायची. पण लोक ओळखायचे ते फेरतमामामुळे. दरवर्षी मासिकाच्या दुर्गापूजा अंकात त्याची एक गोष्ट, चित्रंही त्यांचीच. माकडटोपी घातलेला, मिशाळ, भित्रा मामा. फेरत म्हणजे परत; कुठेही निघाला की अर्ध्या वाटेतून परत यायचा, गॅस बंद केला का ते बघायला. गाडी चुकायची, लग्न चुकायचं, एकदा तर स्वतःचंच लग्न चुकलं. गॅस बंदच असायचा. पोरं पोट धरून हसायची.

तो पल्टू होता. टोपी, मिशी, सगळं.

आणि पल्टू परत का येतो, हे सुविमलबाबूंना माहीत होतं. विश्वकर्मा पूजेचा दिवस, आकाशात पतंग. आई म्हणाली, "स्टो बंद करून मग जा." नऊ वर्षांचा पल्टू तसाच गच्चीवर पळाला. स्टो भडकला. आई दोन दिवस जगली. जूथिकाने हे लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. पहिली गोष्ट वाचून ती एवढंच म्हणाली, "ही छापायला देऊ नका." "कोणाला कळतंय?" असं म्हणून त्यांनी दिली. मग दरवर्षी दिली. आणि दरवर्षी भाईफोंट्याच्या आधी जूथिका तो अंक लपवायची. कुठे, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

आताही त्यांना हो म्हणायचं होतं. पैशांसाठी नाही. लोक त्यांना विसरत चालले होते, आणि नको म्हणणारी घरात उरली नव्हती.

पल्टू आला. पेन्शनीत निघालेला, माकडटोपी हातात. मिठाईची पेटी टेबलावर ठेवून त्याने जूथिकाची सहाण शोधली, चंदन उगाळलं आणि तिच्या फोटोच्या काचेला बोट लावलं. मग ताटावर बसला.

"या लुच्या आहेत की पापड?"

"खा गुमान. तुझ्या दिदीने कधी शिकवलं नाही मला."

"तुम्ही कधी आत आला असतात तर शिकवलं असतं ना!"

दोघंही हसले. मग सुविमलबाबूंनी जाहिरातीचं सांगून टाकलं, खाली बघत.

पल्टूने हरभऱ्याच्या छोलार डाळीत लुची बुडवली. "नैहाटी स्टेशनवर पण लागेल?"

"लागेल."

"मग मला दुसऱ्या बाजूने जावं लागेल तिकिटाला."

त्यांचा हात ताटातच राहिला. "तू वाचतोस ते?"

"सगळे वाचलेत. दिदी अंक तांदळाच्या डब्यामागे लपवायची. मी गॅस बघायला आत गेलो की दिसायचा. तिला बोललो नाही. तिला वाटायचं, मला माहीत नाही. तेवढं तिचं राहू दिलं."

माफीची वाक्यं सुविमलबाबूंच्या जिभेवर आली. जन्मभर वाक्यंच तर तयार केली होती त्यांनी. त्यातलं एकही बोलायच्या लायकीचं वाटेना. त्यांनी उष्ट्या हातानेच तिस्ताला फोन लावला. "नाही म्हणून सांग."

"अहो पण सुविमलदा, का?"

"नाही."

फोन ठेवल्यावर बरं काही वाटलं नाही. हे एवढंच तर जूथिकाने मागितलं होतं, आणि तेव्हा त्याची काहीच किंमत मोजावी लागली नसती.

"माझ्यासाठी 'नाही' म्हणालात?" पल्टू म्हणाला. "मग एक मागू का?"

"माग."

"एवढ्या गोष्टी लिहिल्यात. दरवेळी मामा मरमर करत परत येतो, आणि गॅस बंदच. एकदा तरी चालू असू दे की, जामाईबाबू. एकदा तरी तो बंद करायला वेळेवर पोचू दे."

सुविमलबाबूंनी होकारार्थी मान हलवली.

चहा झाला. पल्टूने टोपी घातली, नमस्कार केला आणि जिना उतरला. सुविमलबाबू खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळाने पायऱ्यांवर तीच पावलं वर येताना ऐकू आली. इतकी वर्षं ते खुर्चीतूनच ओरडायचे, "बंद आहे रे, जा!" तरी पल्टू ओशाळत आत जाऊन बघून यायचा. आणि इकडे सुविमलबाबू कागदावर काहीतरी टिपून ठेवायचे.

आज घंटी वाजायच्या आधी त्यांनी दार उघडलं.

"चहाचा गॅस..." पल्टू म्हणाला.

"चल, बघू या."

दोघं स्वयंपाकघरात गेले. सुविमलबाबूंनी वाकून बटणं एकेक फिरवून पाहिली, खालचा मोठा कॉकही पाहिला. मग पल्टूचा हात धरून कॉकवर ठेवला आणि तो स्वतःहून उचलेपर्यंत तिथेच उभे राहिले.