आधी इंजिन, मग नंबर

भंगारवाड्यात धाकट्याचं काम एकच, चालत्या इंजिनाचा जीव घ्यायचा. जुनी गाडी मोडली की विजेच्या गाडीवर सरकारी सवलत मिळे, आणि मोडल्याचा दाखला त्याच्या सहीनं निघे. नियमानं आधी सरकारी खिडकीवर सवलत पक्की करणारा नंबर घ्यायचा, मग इंजिन मारायचं. पण खिडकीवर ही भलीमोठी रांग! म्हणून वाड्यातली मंडळी इंजिनं सकाळीच उरकत आणि नंबर दुपारी काढत. आजवर कोणाचं काही अडलं नव्हतं.

महिनाभर मागे लागून त्यानं थोरल्या भावाला तयार केलं. बावीस वर्षं घर चालवणारी टॅक्सी घेऊन तो आज आला होता. संध्याकाळी नवी गाडी दारात येणार होती.

"आधी नंबर हातात येऊ दे रे," दादा म्हणाला. "शेजारच्या देशात ही मदत दहा वर्षं चालू आहे म्हणे. आपलं सरकार कधी गाशा गुंडाळेल, नेम नाही."

"तू पण ना, दादा! मी इथं काय झोपा काढतो?"

धाकट्यानं ऑइल काढलं, इंजिन आतून जाम करणारं द्रावण ओतलं आणि अ‍ॅक्सिलरेटरवर वीट ठेवली. बाकीच्या गाड्या पाच मिनिटांत मान टाकतात. ही पठ्ठी अठरा मिनिटं किंचाळत राहिली.

"बघ, कशी सांभाळली होती," दादा म्हणाला आणि डोळे पुसत हसला. काय म्हणावं या माणसाला!

दुपारी खिडकीवरच्या कारकुनानं दाखला उलटसुलट पाहिला.

"योजना बारा वाजता बंद झाली. यंदाची तरतूद संपली."

"अहो, गाडी मोडलीय आमची!" धाकटा ओरडला.

"सव्वादहाला मोडलीय, इथं लिहिलंय की. मग नंबर त्याआधीच का नाही घेतलात?"

सवलतीशिवाय नवी गाडी दादाला या जन्मात झेपणार नव्हती. बाहेर येताच धाकटा म्हणाला, "दादा, दोन थोबाडीत मार, पण बोल काहीतरी."

दादा पायरीवर बसला. "इंजिन खोलून काही होईल?"

"नाही." काम त्यानं चोख केलं होतं.

"मग घरी तूच सांग. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

वहिनीनं पहिल्याच रिंगला फोन उचलला. "झालं ना, भावोजी? रंग कुठला मिळाला? मी केव्हाची खाली येऊन उभी आहे!"