ताटातली अर्धी भाकरी

वैशाखातलं मध्याह्नीचं ऊन माजघराच्या उंबऱ्याशी येऊन थबके, तेव्हा आतल्या अंधारातून काचेच्या बांगड्यांचा एक दबका नाद येई. माझी पत्नी सगुणा माझं उष्टं ताट उचलीत असे. आमच्या तापीकाठच्या घरात पुरुषांची पंगत उठल्यावर बायका जेवत, आणि सून नवऱ्याच्याच ताटात. पिंजलेल्या कापसासारखी तिची चाल निःशब्द. बोलायची ती हातांनी, नजरेनं.

दुसरा महिना लागला तेव्हा तिनं मला एकट्यालाच सांगितलं. तिसरा सरेपर्यंत वाच्यता करायची नाही अशी रीत, म्हणून तिला वेगळं वाढणंही नाही. सकाळचं काही पोटात ठरत नसे. दुपारी मात्र भुकेनं तिचा चेहरा श्रावणातल्या उन्हासारखा क्षणात उजळे, क्षणात मावळे. मग मी ताटात राखू लागलो: ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी, लोण्याचा गोळा, मळ्यातलं एखादं केळं. ते पाहून ती पदराआड हसे. आमच्या मुक्या संसारातलं सारं संभाषण तेवढंच.

घरात शब्द चाले तो माझ्या विधवा आत्याचा, आणि न सांगितलेलंही तिच्या नजरेतून सुटत नसे. एके दुपारी भरल्या पंगतीत तिनं विचारलं, "काय रे भाऊ, तुना ताटमा रोज इतलं कसं उरस? डोहाये तिले लागनात, का तुले?"

"दोन्हीसले!" भुसावळला रेल्वेत लागलेला धाकटा भाऊ म्हणाला.

पंगत खदखदली. मीही हसलो, आणि राखलेली भाकरी सगळ्यांदेखत खाऊन टाकली.

त्या दिवसापासून ताट पुसून ठेवू लागलो. पोट भरलेलं असे, तरी खात असे; खरं सांगायचं तर बायकोच्या भुकेपेक्षा मला त्या हसण्याचं भय अधिक होतं. दुरडीत उरेल तो तुकडा ठेच्याशी खाऊन ती वर पाणी पिई.

तिसरा सरण्याआधीच गर्भ गेला. "ऊन बाधनं," सुईण म्हणाली. खरंही असेल. मला ठाऊक नाही, आणि त्या ठाऊक नसण्याच्या आडोशाला मी पुष्कळ वर्षं बसलो. पुढे मुलं झाली, संसार झाला. तो विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

सगुणा गेली तेव्हा चाळिशी ओलांडलेली, भरल्या घरातली गृहिणी होती. पण काळ स्मरणातल्या माणसांना पुढे नेत नाही. तिथं ती अजून एकोणीस वर्षांचीच आहे, आणि उपाशी.